तारण : नावाचे आणि अंतरीचे

मार्गशीर्षातील गुरुवारांची गडबड सरत येते न येते, तोच दिनदर्शिकेच्या पानावर नाताळ येऊन उभा राहतो. आमच्या भिवंडीत त्या दिवशी फारसे काही वेगळे घडत नाही. मागांचा खडखडाट नेहमीसारखाच चालू असतो, सुताची गाठोडी वाहणाऱ्या हातगाड्या नेहमीसारख्याच गल्लीबोळांतून वाट काढीत असतात. परंतु येथून अर्ध्या दिवसात जाऊन येता येईल इतक्या अंतरावर वसईच्या गावागावांतून घंटा वाजू लागतात, आणि आपल्याच बोलीत बोलणारी, आपल्यासारखाच भात खाणारी सहस्रावधी माणसे मध्यरात्रीच्या उपासनेस निघतात. शेजाऱ्याच्या घरी सण असता आपण निदान दारात उभे राहून चौकशी करावी, हा आपला शिरस्ता आहे. त्या शिरस्त्यास अनुसरूनच आजचा हा लेख.

या विषयाकडे आम्हांस वळविले ते एका वृद्ध बाईंनी. भिवंडीहून वज्रेश्वरीस जाणाऱ्या एस. टी.त त्या आमच्या शेजारी बसल्या होत्या. मांडीवर ओटीची पिशवी, हातात जपमाळ. बोलता बोलता आम्ही वर्तमानपत्रात लिहितो हे त्यांस कळले, आणि त्यांनी एकदम विचारले, "बाबा, तुम्ही लिहिणारी माणसं, म्हणून विचारते. ते ख्रिस्ती लोक म्हणतात, विश्वास ठेवा, म्हणजे तराल. एवढंच? मग आम्ही जन्मभर उपास केले, वाऱ्या केल्या, ते काय उगीच? आणि नुसत्या विश्वासावर माणूस तरत असेल, तर लबाडालासुद्धा विश्वास ठेवायला काय लागतं?"

त्या वेळी आम्ही काहीतरी मोघम बोलून वेळ मारून नेली. परंतु प्रश्न मनातून जाईना. पुढे पुस्तके चाळता असे ध्यानात आले, की आजींनी सहज विचारलेला हा प्रश्न ख्रिस्ती धर्माने स्वतःलाच गेली जवळजवळ दोन हजार वर्षे विचारला आहे. तारून नेणारा विश्वास कोणता आणि केवळ ओठांवरचा विश्वास कोणता, हा भेद त्या धर्माच्या अगदी गाभ्याशी आहे. त्याचे उत्तर शोधण्यास दूरदेशी जाण्याचेही कारण नाही. आपल्या अंजुरापासून वसईपर्यंत आणि पुण्यापासून केडगावापर्यंत ते महाराष्ट्राच्या मातीतच सापडते.

एका शब्दाची दोन घरे

प्रथम 'तारण' हा शब्दच पाहू. मराठी ख्रिस्ती बांधव मोक्ष या अर्थी हाच शब्द वापरतात आणि ख्रिस्तास 'तारणारा' म्हणतात. संस्कृतातील 'तॄ' म्हणजे तरून जाणे या धातूपासून तो आला आहे. त्याच धातूपासून 'तरी' म्हणजे होडी आणि 'तीर्थ' म्हणजे उतरून पलीकडे जाण्याची जागा, हे शब्द झाले. आपण ज्याला तीर्थयात्रा म्हणतो आणि ते ज्याला तारण म्हणतात, त्या दोहोंचे मूळ एकाच नदीकाठचे आहे.

याच शब्दाचा दुसरा अर्थ भिवंडीच्या व्यापाऱ्यांस आणि मागवाल्यांस चांगलाच ठाऊक आहे. कर्ज काढावयाचे तर काहीतरी तारण द्यावे लागते. तारणावाचून दिलेला शब्द पेढीवर चालत नाही. ख्रिस्ती श्रद्धेचे म्हणणे असे, की मनुष्याचे ऋण इतके मोठे आहे की ते फेडण्याजोगे तारण त्याच्यापाशी नाही. ते तारण ख्रिस्ताने स्वतःच्या प्राणाचे दिले. हा सिद्धान्त आपल्या वाचकांनी मान्य करावा असा आमचा मुळीच आग्रह नाही. परंतु त्यांच्या 'विश्वास' या शब्दाचा भार समजण्यासाठी तो ध्यानात घेतला पाहिजे. ज्याच्यासाठी दुसऱ्याने प्राण तारण ठेवला, त्याने 'ठीक आहे, मी मानतो' एवढे म्हणून हात झटकावे आणि पूर्वीसारखेच वागावे, यास कोणीही विश्वास म्हणणार नाही, कृतघ्नता म्हणेल.

युरोपातील सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेनंतर तेथील शास्त्रज्ञ पंडितांनी विश्वासाचे तीन थर सांगितले. पहिला ज्ञान, दुसरा मान्यता आणि तिसरा भरवसा. खाडीकाठी राहणाऱ्यास हे सहज उमगेल. होडी पैलतीरास जाते हे ठाऊक असणे, हे ज्ञान. ही होडी मजबूत आहे हे कबूल करणे, ही मान्यता. आणि काठावरचा पाय उचलून होडीत ठेवणे, हा भरवसा. पहिल्या दोन पायऱ्यांवर मनुष्य आयुष्यभर काठावरच उभा राहू शकतो. नव्या करारातील याकोबाच्या पत्रात तर असा युक्तिवाद आहे, की ईश्वर एक आहे एवढे मानणे हे दुष्ट शक्तींनाही जमते. त्यांना त्याचे भयही वाटते. पण तेवढ्याने त्या सुधारत नाहीत. त्याच पत्रात उपाशी आणि उघड्या माणसाला अन्नवस्त्र न देता नुसता कोरडा आशीर्वाद देऊन वाटेला लावणाऱ्या भक्ताचे उदाहरण देऊन, कृतीवाचूनचा विश्वास निर्जीव होय असा निर्वाळा दिलेला आहे.

हे वाचताना आपल्या घरांतून सांगितली जाणारी एकनाथ महाराजांची कथा कोणाला आठवणार नाही? रामेश्वरास वाहावयाची गंगेची कावड त्यांनी तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी रिती केली. कावड तीर्थास पोहोचली नाही, पण यात्रा पोहोचली. सोबतच्या ज्यांना कावडीचेच अधिक मोल वाटले, त्यांची श्रद्धा खोटी होती असे आम्ही म्हणणार नाही. ती काठावरची होती, एवढेच.

अंजुराचे नाईक आणि वसईची माणसे

आता आपल्या तालुक्याकडे वळू. अंजूर फाट्यावरून रोज हजारो माणसे ये-जा करतात. परंतु ज्या गावावरून त्या फाट्यास नाव मिळाले, त्या गावच्या नाईक घराण्याची आठवण त्यांतील किती जणांना होत असेल? वसईचा मुलूख पोर्तुगीजांनी १५३४ साली गुजरातच्या सुलतानाकडून मिळविला आणि पुढे दोनशे पाच वर्षे तो त्यांच्याकडे राहिला. त्या राजवटीत हिंदूंच्या उघड धर्मविधींवर निर्बंध आले, देवळे गेली, पोरक्या मुलांना ख्रिस्ती धर्मात घेण्याचे कायदे झाले. या जाचास कंटाळून अंजुराच्या गंगाजी नाईकांनी आणि त्यांच्या बंधूंनी पेशव्यांकडे दाद मागितली आणि पुढील मोहिमेत जिवावर उदार होऊन साहाय्य केले. अंजुराच्या वाड्यातील सिद्धिविनायकाची परंपरा चिंचवडच्या देवांच्या आशीर्वादाशी जोडलेली आहे, ती याच काळातील. १७३७ साली साष्टीवर मराठ्यांचे निशाण लागले आणि मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. त्या विजयासाठी बोललेला नवस म्हणून वज्रेश्वरीचे मंदिर उभे राहिले. आमच्या शेजारच्या आजी त्या दिवशी ओटी घेऊन निघाल्या होत्या, त्या याच देवीकडे.

या इतिहासातून आपण बहुधा एकच बोध घेतो, की जबरीने धर्म लादणे हा अन्याय होय. तो बोध खराच आहे. तारून नेणाऱ्या विश्वासाविषयी जे ख्रिस्ती पंडितांनी लिहिले आहे, त्याच्याच कसोटीवर लावले तरी कायद्याच्या धाकाने दिलेला बाप्तिस्मा हा निव्वळ वरचा संस्कार ठरतो. भयाने वाकलेली मान म्हणजे नमस्कार नव्हे. त्या काळी अनेकांनी बाहेरून नवे नाव घेतले आणि घरात मात्र जुन्या देवाची आठवण जपली, यात नवल नाही. नावापुरता ख्रिस्ती हा प्रकार आपल्या भागात राजसत्तेनेच जन्माला घातला.

परंतु इतिहास येथे थांबत नाही आणि आपणही थांबू नये. वसई पडली तेव्हा शरणागतीच्या अटींत, मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेस आपला धर्म पाळण्याची मोकळीक मागण्यात आली आणि मराठ्यांनी ती दिली. पोर्तुगीज सत्ता गेली. तिचे बहुतेक धर्मगुरूही गेले. आता ख्रिस्ती राहण्यात ना नोकरीचा लाभ होता, ना राजाची मर्जी. उलट पूर्वजांच्या धर्मात परतणे अनेकांस सोयीचेच ठरले असते. तरीही मोठ्या संख्येने वसईकर ख्रिस्ती राहिले. इंग्रजी अंमल येईपर्यंत, म्हणजे पाऊणशे वर्षांच्या आसपास, देशी धर्मगुरूंच्या आधाराने त्यांनी आपली उपासना चालविली. बोली मराठीच राहिली, शेतीवाडी तीच राहिली, विहिरी आणि केळीच्या बागा त्याच राहिल्या. आणि त्यांतच त्यांची श्रद्धाही रुजली.

याचा अर्थ काय लावावा? आम्हांस असे वाटते, की झाड कोणी आणि कसे लावले हा एक प्रश्न आहे, आणि त्याचे मूळ किती खोल गेले हा दुसरा. पणजोबांवर झालेल्या जबरीवरून पणतूच्या प्रार्थनेची पारख करता येत नाही. त्याच न्यायाने पणजोबांच्या पुण्याईवर पणतूचीही भक्ती सिद्ध होत नाही. हे जसे त्यांना लागू, तसेच आपल्यालाही.

याच वसईत जबरीच्या त्याच शतकात आणखी एक मनुष्य जन्मला होता. गोन्सालो गार्सिया हे त्याचे नाव. पिता पोर्तुगीज आणि माता वसईची. तो आधी व्यापारी होता. पुढे फ्रान्सिस्कन संघात साधा सेवक-बंधू झाला, दुभाषी म्हणून जपानला गेला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे इतर पंचवीस जणांसह क्रुसावर मारला गेला. १८६२ साली पोपने त्यास संतपद दिले. एका बाजूस सत्तेच्या बळावर धर्म वाढविणारे अधिकारी, आणि दुसऱ्या बाजूस सत्तेच्या हातून धर्मासाठी मरणारा हा वसईचा सुपुत्र. दोघांच्या ओठांवर नाव एकच होते. त्या नावाची किंमत मात्र दोघांनी वेगवेगळी चुकविली.

घंटा तीच

वसईच्या विजयानंतर तेथील चर्चमधल्या मोठमोठ्या घंटा मराठी सरदारांनी विजयचिन्हे म्हणून आणल्या आणि देवळांतून टांगल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातील प्रसिद्ध घंटेवर १७२१ हे साल आहे. भीमाशंकरासही अशीच घंटा आहे. एके काळी ख्रिस्ताच्या उपासनेस बोलावणारी घंटा आज शंकराच्या दारी वाजते. धातू तोच, नादही तोच. घंटेने धर्म बदलला काय? घंटेस धर्मच नसतो. ती ज्याच्या दारी टांगली जाईल त्याच्या नावाने वाजते.

मनुष्याचेही पुष्कळदा असेच होते. ज्या घरात जन्मलो, त्या घराच्या नावाने आपण वाजत राहतो. हिंदूच्या घरी टांगला तर 'राम राम' वाजतो, ख्रिस्त्याच्या घरी टांगला तर 'प्रभू प्रभू' वाजतो. बायबलातील पौलानेही प्रेमहीन धार्मिकतेस अशाच पोकळ धातुनादाची उपमा दिली आहे, आणि स्वतः येशूने बजावले आहे, की आपणास केवळ तोंडाने प्रभू म्हणणारा प्रत्येक जण आपला नव्हे. तुकोबारायांनी दांभिक टिळेमाळांवर जे कोरडे ओढले, त्यांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. संतांची भाषा निराळी असली, तरी त्यांचा राग पुष्कळदा एकाच गोष्टीवर असतो.

रमाबाईंची आठ वर्षे

हा भेद स्वतःच्या अंतःकरणात ज्यांनी सर्वांत धीटपणे तपासला, त्या पंडिता रमाबाई. अनंतशास्त्री डोंगऱ्यांची ही कन्या १८५८ साली जन्मली. बालपणीच तिला संस्कृत मुखोद्गत झाले. दुष्काळात मातापिता गेले. पुराणे सांगत बंधूसह पायी भारतभ्रमण करून त्या कलकत्त्यास पोहोचल्या आणि तेथील पंडितांनी त्यांस 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरविले. बंधू गेला, विवाह झाला, पती गेले. १८८३ साली लहानग्या मनोरमेस घेऊन त्या इंग्लंडास गेल्या. तेथे पतित स्त्रियांची सेवा करणाऱ्या भगिनींचे कार्य पाहून त्यांचे मन हेलावले, आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात त्या वार्तेने केवढे वादळ उठले, ते सर्वश्रुतच आहे.

बाईंचा हा निर्णय उथळ होता काय? मुळीच नव्हे. त्या विद्वान होत्या, प्रामाणिक होत्या आणि इतक्या स्वतंत्र बुद्धीच्या होत्या, की इंग्लंडातील धर्मगुरूंनी सांगितलेला प्रत्येक मुद्दा मुकाट्याने मानण्यास त्यांनी नकार दिला. 'मी एका मनुष्याची आज्ञा टाकून दुसऱ्याची मान वाकविण्यासाठी आले नाही,' असाच त्यांच्या पत्रव्यवहाराचा रोख होता. आणि तरीही १९०७ साली आपली साक्ष लिहिताना या बाईंनी एक विलक्षण कबुली दिली. बाप्तिस्मा घेऊन सुमारे आठ वर्षे लोटल्यावर आपणास उमगले, की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्त सापडला नव्हता!

या कबुलीस निमित्त झाले एक पुस्तक. विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्रज पाद्र्याचे ते आत्मवृत्त. हा मनुष्य कित्येक वर्षे चर्चमध्ये उपदेश करीत होता, आणि १८५१ साली एके रविवारी उपदेश करता करताच त्यास जाणवले, की आपण लोकांना जे सांगतो आहोत ते आपल्यालाच लाभलेले नाही. पाद्रीच अविश्वासी, हा प्रकार रमाबाईंस आरशासारखा वाटला. इंग्लंडातील जॉन वेस्ली यांचीही कथा अशीच आहे. ते दीक्षित धर्मगुरू होते, अमेरिकेत जाऊन धर्मप्रचार करून आले होते. परंतु २४ मे १७३८ रोजी लंडनच्या एका लहानशा सभेत त्यांस प्रथमच असे जाणवले, की आपण खरोखरीच ख्रिस्तावर भरवसा टाकला आहे. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी, की त्याच सुमारास इकडे वसईची मोहीम चालू होती. तेथे एक धर्मगुरू आपल्या ख्रिस्तीपणाविषयी साशंक होता, आणि येथे त्याच ख्रिस्ताचे नाव घेणाऱ्या सत्तेला आपल्याविषयी तिळमात्र शंका नव्हती.

रमाबाईंच्या पुढील आयुष्याविषयी हिंदू समाजाची तक्रार होती, तीही नोंदविली पाहिजे. १८८९ साली त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदासदन काढले आणि पुढे ते पुण्यास नेले. तेथे धर्मप्रसार होणार नाही, अशा भरवशावर सुधारकांनी साहाय्य केले होते. मुली बाईंच्या प्रार्थनेत बसू लागल्या, तेव्हा १८९३ साली रानडे, भांडारकरांसारखे सल्लागारही दूर झाले. तो राग निष्कारण होता असे आम्ही म्हणणार नाही. परंतु बाईंनी आपल्या विश्वासाची जी फळे दाखविली, तीही नाकारता येत नाहीत. शतकाअखेरच्या भीषण दुष्काळांत त्यांनी शेकडो उपाशी मुली, टाकलेल्या स्त्रिया आणि अनाथ बालके उचलून केडगावच्या मुक्तिसदनात आणली. त्यांना अन्न दिले, अक्षर दिले, छापखान्यापासून शेतीपर्यंतचे उद्योग शिकविले. मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून संपूर्ण बायबलाचे मराठी भाषांतर त्यांनी एकटीने केले. १९२१ साली एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. तरी काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी बाई गेल्या, त्या भाषांतर पुरे करूनच.

दुष्काळात मिशनांच्या दारी आलेल्यांविषयी त्या काळीच शंका घेतली जाई, की यांना विश्वासाने आणले की भुकेने? प्रश्न रास्त होता आणि कित्येक मिशनऱ्यांसही तो छळीत असे. मुक्तिसदनात १९०५ साली मोठे धर्मजागरण झाले. मुली तासन् तास रडत, प्रार्थना करीत. त्यावरही हा खरा बदल की क्षणिक आवेग, असा प्रश्न उठला. अमेरिकेतील जोनाथन एडवर्ड्स नामक धर्मोपदेशकाने १७४६ साली अशाच जागरणाविषयी ग्रंथ लिहून जो निवाडा दिला होता, तो आम्हांस मार्मिक वाटतो. अश्रू आणि कंप यांवरून विश्वास खरा ठरत नाही, तसाच खोटाही ठरत नाही. पुढच्या आयुष्यात स्वभाव पालटला की नाही, हेच पाहावयाचे. कीर्तनात डोळे पुसणारा श्रोता घरी जाऊन सुनेशी कसा बोलतो, यावरच त्या अश्रूंची पारख होते, असे आपण म्हणू.

टिळक दांपत्य

दुसरे उदाहरण रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे. १८९३ साली आगगाडीच्या प्रवासात एका अनोळखी गृहस्थाने त्यांस नवा करार दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई तेव्हा हिंदूच राहिल्या आणि काही वर्षे दोघांची ताटातूट झाली. लाभासाठी धर्म बदलणारा मनुष्य असा घरदार गमावीत नाही. लक्ष्मीबाई पुढे १९०० साली ख्रिस्ती झाल्या, त्या पतीच्या आज्ञेने नव्हे. जातिभेद देवाचा नसून माणसाचा आहे, हे त्यांस आपले आपणच उमगले, आणि मग त्यांनी हळूहळू स्वतःच्या पायांनी ती वाट चालली. 'स्मृतिचित्रे' हे त्यांचे आत्मचरित्र आजही घराघरांत वाचले जाते, ते त्यातील या निर्व्याज खरेपणामुळेच.

टिळकांची गोष्ट बाप्तिस्म्याने संपत नाही. बावीस वर्षे ख्रिस्ती राहिल्यावर, १९१७ साली, त्यांस वाटू लागले की मिशनचा पगार घेणारी ख्रिस्तसेवा अपुरी आहे. त्यांनी पगार सोडला, संन्यस्त वृत्ती पत्करली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' उघडला. त्या दरबारात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती, तशी न घेतलेल्यांनाही होती. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, असे ते मानीत. चर्चच्या वहीत कोणाचे नाव आहे यापेक्षा कोणाच्या अंतरात ओढ आहे, हे त्यांनी मोठे मानले. १९१९ साली ते निवर्तले आणि दरबार फार काळ टिकला नाही. परंतु त्याने विचारलेला प्रश्न टिकून आहे.

आणि तो आमच्या काळापर्यंत पोहोचला आहे. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादेच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. ख्रिस्ती धर्मगुरू आणि मराठी साहित्याचा अध्यक्ष, या जोडीने काहींच्या कपाळी आठ्या पडल्या. फादर २५ जुलै २०२४ रोजी गेले. वसईच्या हिरव्या पट्ट्यासाठी धाकदपटशाहीसमोर उभे राहणाऱ्या या माणसाने धर्म केवळ वेदीवर ठेवला नाही, हे तेथील शेतकरी जाणतात.

खळ धुतल्यावर

भिवंडीच्या वाचकांस आम्ही आमच्याच गावची एक उपमा देतो. सुतास खळ चढविली की ते ताठ होते आणि मागावर टिकते. परंतु पातळ विणीच्या कापडासही पुष्कळ खळ दिली, तर ते हातास भरीव लागते आणि गिऱ्हाईक फसते. पहिल्या धुण्यात खळ निघून जाते, आणि मग ताणा किती, बाणा किती, ते उघडे पडते. धर्माचे नाव, वेश, सण, मिरवणुका यांची खळ आवश्यकच आहे. तिच्यावाचून सूत मागावर तुटेल. परंतु खळ म्हणजे कापड नव्हे.

आमच्या या गावाने १९७० आणि १९८४ साली असे धुणे पाहिले आहे. त्या दिवसांत ज्यांच्या हातून शेजाऱ्याचे घर जळले, त्यांच्याही ओठांवर देवाचे नाव होते. आणि ज्यांनी परधर्मी शेजाऱ्यास आपल्या घरात लपविले असेल, त्यांच्याही ओठांवर ते असणारच. खळ दोन्हीकडे सारखीच. वीण तेवढी निराळी.

आता आजींच्या प्रश्नाकडे येऊ. "लबाडाला विश्वास ठेवायला काय लागतं?" आजी, लबाडाला विश्वास *बोलायला* काही लागत नाही. ठेवायला मात्र सर्वस्व लागते; आणि ज्याने सर्वस्व ठेवले तो लबाड राहू शकत नाही. ख्रिस्ती पंथोपपंथांत कृपा आणि कर्म यांविषयी कितीही वाद असोत, मेलेला विश्वास कोणालाही तारीत नाही, याविषयी त्यांच्यात दुमत नाही. आणि तुमचे उपास, तुमच्या वाऱ्या? ते त्यांच्या गणतीत कसे बसते, हे आम्ही सांगू शकणार नाही, आणि सांगण्याचा आमचा अधिकारही नाही. आपल्या परंपरेचा निवाडा मात्र आपल्या संतांनी करून ठेवला आहे. वारी पंढरीस पोहोचली की नाही, हे पायांवरून कळत नाही. परत आल्यावर घरच्यांना कळते.

आमच्यापुरते आम्ही एवढेच शिकलो. रमाबाईंसारख्या विदुषीस आठ वर्षांनंतर, वेस्लींसारख्या धर्मगुरूस दीक्षेनंतर आणि टिळकांसारख्या भक्तास बावीस वर्षांनंतर स्वतःला पुन्हा तपासावेसे वाटले. मग रोज सकाळी सवयीने देवापुढे निरांजन ओवाळणाऱ्या आम्हांस तसे कधी वाटू नये काय? दुसऱ्याचा विश्वास वरवरचा आहे की खोल, हे तपासण्याची हौस आम्हां सर्वांनाच असते. तो दिवा आज, शेजाऱ्याच्या सणाच्या निमित्ताने, आपण आपल्याच गाभाऱ्यात एकदा फिरवून पाहावा.

वसईच्या बांधवांच्या घरी आज पाळणा सजला असेल. गोठ्यात जन्मलेल्या बालकाची ती कथा, बंदिशाळेत जन्मलेल्या बाळकृष्णाचा पाळणा हलविणाऱ्या आपल्या माउलींस परकी वाटू नये. त्यांच्या पाळण्यापाशी आणि आपल्या देव्हाऱ्यापाशी, दोहीकडे आज अंतरीचे दिवे लागोत, हीच प्रार्थना.